संध्याकाळच्या विमानापर्यंत

‘‘अहो, अजून एक फेरी मारू या?’’

नवरा उठला. दोघं परत सरकत्या पट्ट्यावर उभे राहिले. पट्ट्यानं त्यांना विमानतळाच्या त्या टोकाला नेलं, शेजारच्या पट्ट्यानं परत आणून सोडलं. पुढचं विमान संध्याकाळी होतं. सकाळ अजून सरायची होती.

‘‘सामानासारखेच फिरतोय आपण,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त चिठ्ठी लावायची राहिली.’’

‘‘हं.’’

त्याला बोलतं ठेवायला हवं होतं. बोलणारा माणूस फोन करत नाही.

काल मोठ्या दिरांचा फोन आला तेव्हा तो आंघोळीला गेला होता. ‘‘बाबा गेले,’’ दीर म्हणाले. ‘‘पण त्याला मी बाबा पडलेत एवढंच सांगितलंय, दवाखान्यात आहेत म्हणून. वाटेत कळलं तर कोसळेल तो. घरी आला की मी सांगेन, तोवर तू सांभाळून आण. आणि कुणालाही फोन करू नकोस. तुझ्या आईलासुद्धा नाही. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, लगेच त्याच्यापाशी रडतील.’’

ते खरंच होतं. आईच्या पोटात काही म्हणून राहत नसे. तिनं आपला फोन बंद करून बॅगेच्या तळाशी टाकला. रडूही तिथंच ठेवलं आणि चेन ओढून घेतली. सासरे तिला सूनबाई म्हणत, पण हाक लेकीला मारल्यासारखी असे. तरी कालपासून डोळ्यांत टिपूस नव्हतं. आतून सगळं थंडगार, पाट्यासारखं झालं होतं.

देवा, संध्याकाळपर्यंत निभावून ने, एवढंच ती मनात घोळवत होती.

खुर्च्यांवर बसल्यावर तिनं खेळ काढला. समोरून जाणाऱ्याला बघायचं आणि तो कुठं निघालाय ते सांगायचं.

‘‘तो टोपीवाला?’’

‘‘लग्नाला,’’ नवरा म्हणाला.

‘‘छे! चेहरा बघा. लग्नाला नाही, लग्नातून पळून चाललाय. हा झाला पूर्वरंग, आता आख्यान तुम्ही लावा.’’

एरवी त्यानं तासभर आख्यान लावलं असतं. आज तो टोपीवाल्याकडे बघत राहिला. टोपीवाला दिसेनासा झाला तरी बघत राहिला.

‘‘फोन द्या तुमचा. चार्जिंगला लावते.’’

‘‘असू दे,’’ त्यानं खिशावर हात ठेवला.

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. पण तो फोन काढत नव्हता, नुसता धरून होता. तेही बरंच.

मग ती त्याला दुकानांतून हिंडवत राहिली. अत्तरांच्या दुकानात तिनं त्याच्या मनगटावर इतकी अत्तरं फवारली की विकणारी मुलगी शेवटी बाटल्या मागं सरकवू लागली. पुढच्या दुकानात मऊ तळव्यांच्या सपाता मांडल्या होत्या.

‘‘माझ्या आईला घेऊ या का? टाचा फार दुखतात तिच्या.’’

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. अशा वेळी कोणी सपाता घेतं? पण काहीच घेतलं नाही तर ह्यांना संशय येईल.

नवऱ्यानं एक सपात उचलली. तळव्याच्या जागी अंगठा दाबून बघितला. बराच वेळ तो अंगठा तिथंच होता.

‘‘नको,’’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘‘घे. घे तू.’’

त्यानं स्वतःच पैसे दिले. नंतर जेवायच्या जागी भात आणि भाजी आणली, सगळं तिच्यापुढं सरकवलं.

‘‘तुमचं कुठाय?’’

‘‘मला नको. तू खा. पुढं खाववणार नाही तुला.’’

तिला गलबलून आलं. ज्याचं दुःख होतं तोच हे बोलत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. तिनं मुकाट्यानं घास गिळले. ‘‘बाबा बरे होतील हो,’’ ती म्हणाली. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

‘‘हं.’’

दुपारी ती दोघं काचेपाशी बसली. बाहेर विमानं जागची हलत नव्हती. त्याच्या फोनची बॅटरी अखेर संपत आली, तेव्हा त्यानं तो मधल्या खांबाला लावला आणि त्याच्याकडे पाठ न करता बसला.

बोलायचं काही उरलं नव्हतं. तिनं आईचाच किस्सा काढला. ‘‘आई आपल्याकडे आली होती ना, तेव्हा अशाच पट्ट्यावर चढेचना. मागं ही रांग लागलेली. म्हणे, जमीनच चालायला लागली तर पायांनी काय करायचं? शेवटी तुम्ही हात धरलात तिचा, आणि उतरायच्या वेळी म्हणते कशी, जावईबापू, आणखी एकदा नेता का?’’

ती हसली. वळून बघते तर नवऱ्याची हनुवटी थरथरत होती.

‘‘तोंड धुऊन येतो,’’ म्हणून तो उठला आणि भराभर निघून गेला. फोन तिथंच राहिला.

वडिलांची आठवण आली असेल, तिनं ताडलं. रक्ताला कळतंच.

तेवढ्यात खांबापाशी फोन थरथरला. ‘दादा’. तिनं झडप घालून उचलला. ह्यांना अजून काही ठाऊक नाही, आता फोन करू नका, असं दिरांना सांगायला तिनं तोंड उघडलं.

पण पलीकडून आधीच कोणीतरी घसा खाकरला. आवाज सासऱ्यांचा होता.

‘‘सूनबाईला कळलं नाही ना रे? दारात येईपर्यंत तिच्यासाठी मला मेलेलाच राहू दे. विहीणबाईंना आम्ही आपल्या घरी आणलंय, मी उशाशी बसलोय. लेकीनं शेवटचं तोंड बघितल्याशिवाय त्यांना कोणाला उचलू देणार नाही.’’