काखेतल्या चपला

प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले की एक पटकेवाला हळूच चर्चमध्ये यायचा आणि ‘आमेन’च्या आधी पसार! मार्थानं पापण्यांच्या फटीतून त्याला दोनदा टिपलं होतं. याचा डोळा दाराबाहेरच्या चपलांवर, दुसरं काय! त्या रविवारी तो उठला तशी तीही मागं धावली. बघते तर त्याच्या काखेत चपला!

“कुणाच्या ओ, पावणं?”

“माझ्याच की, पोरी! भाईर काढल्या तर भावकी वळखंल, वाळीत टाकंल. तुमी डोळं मिटता, तेवढाच येळ देवाफुडं बसतो.”

पुढच्या रविवारी प्रार्थना चालू असताना दार करकरलं.

“ताई, कोण आलं गं?” धाकटी विमला कुजबुजली.

मार्थानं स्वतःचे डोळे न उघडताच तिच्या डोळ्यांवर हात ठेवला.