नदीपलीकडचं निळं घर

धर्मशाळा भरली होती आणि लॉजचं भाडं मला परवडणारं नव्हतं. नर्मदा परिक्रमेचा अकरावा दिवस, पाय सुजलेले. सूर्य बुडायला आला तशी मी चिडून दिसेल त्या घरी विचारत सुटले.

चौथ्या घरातल्या बाईनं काही न विचारता ओसरीवर सतरंजी अंथरली. "किती द्यायचे?" मी विचारलं.

तिनं नदीपलीकडच्या निळ्या घराकडे बोट केलं. "ते माझं माहेर. दोन महिन्यांनी तुम्ही त्या काठानं परत याल, तेव्हा तिथं मुक्काम करा. आईला सांगा, मी बरी आहे."

"नावेनं दहा मिनिटं लागतील. तुम्हीच जा की."

"पळून लग्न केल्यावर दोनदा गेले होते," ती म्हणाली. "परिक्रमावासीला मात्र ते दारातून परत पाठवत नाहीत."