उमेदवाराच्या हाती देऊ नये

“लखोटा उमेदवाराच्या हातात देता येत नाही,” क्लार्कबाई म्हणाल्या. “सर आज सही करतायत. पाच वाजायच्या आत कुणातरी मैत्रिणीला पाठव.”

ती बाहेर आली आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. आली का पंचाईत! लखोट्यातलं ते शिफारसपत्र तिनंच तर लिहिलं होतं. विभागाची रीतच तशी होती. शिष्यवृत्तीसाठी शिफारस मागायला गेलं की विभागप्रमुख सर सगळ्यांना एकच सांगायचे, मसुदा तुम्हीच लिहून बाईंकडे ठेवा, मी सही करतो. म्हणजे पत्र लिहायचं उमेदवारानं, पण आत काय लिहिलंय ते कळता कामा नये तेही उमेदवारालाच. आता याला काय म्हणावं? पण नियम तो नियम.

लिहिताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. आपणच आपली टिमकी वाजवायची, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून. ‘मेहनती, हुशार, शिस्तप्रिय’ इथवर हात सरसर चालला. पुढे रकाना होता, ‘आपण स्वतः पाहिलेला उमेदवाराचा एखादा प्रसंग’. तिथं गाडी अडली. तिचं कुणी काय पाहिलं होतं? तीन वर्षं ती दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसत होती, एकटी जेवत होती, एकटी खोलीवर जात होती. शेवटी तिनं वर्कशॉपमधली गोष्ट लिहिली. लेथच्या यंत्रावर कातलेला तिचा जॉब, म्हणजे सरावाचा लोखंडी तुकडा, मापापेक्षा दोन दशांश मिलिमीटर बारीक झाला होता. असं झालं की पोरं सरळ मागच्या वर्षीचा कुणाचा तरी जॉब पॉलिश पेपरनं घासून नवा करत आणि आपला म्हणून देत. तिनं आपला चुकलेलाच जॉब दिला, सोबत खऱ्या मापाची चिठ्ठी जोडली आणि मार्कांवर पाणी सोडलं. त्या प्रसंगाखाली तिनं एक वाक्य घातलं, ‘त्या वेळी मी शेजारीच उभा होतो.’ शेजारी कुणी नव्हतं. धडधडीत खोटं होतं ते. पण लिहून झाल्यावर तिला इतकं बरं वाटलं, की ती ते पुन्हा पुन्हा वाचत बसली.

आता मैत्रीण कुठून पैदा करायची? साठ जणांच्या वर्गात मुली तीनच. बाकीच्या दोघींचं गूळपीठ पहिल्या आठवड्यातच जमलं होतं, आणि आज त्या दोघीही आल्या नव्हत्या. पुढच्या रोल नंबरचा मुलगा परीक्षा आली की तिची जर्नल न्यायचा. त्याला फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. पुढे कुणाला लावावा, हे तिला सुचेना. फोनमध्ये नंबर होते, पण सगळे घरचेच.

पाच वाजता अर्ज घेणं बंद होणार होतं. शिष्यवृत्ती नाही तर चौथं वर्ष नाही, हे घरी ठरून गेलं होतं. भावोजींनी ओळखीच्या दुकानात काउंटरवरची जागाही बोलून ठेवली होती. कुणी रागावलं नव्हतं, उलट सगळे फार समजुतीनं बोलत होते, आणि तिला त्याचंच रडू येत होतं.

साडेचार वाजले तशी ती स्वतःच परत गेली. बाई जागेवर नव्हत्या. म्हणजे थेट सरांपुढेच उभं राहायचं. सरांनी तिला तीन विषय शिकवले होते. आठवड्यापूर्वीच ती त्यांच्या टेबलासमोर उभी होती. ओळखणारच, आणि ओळखलं की लखोटा मिळत नाही. तिनं मनाचा हिय्या करून दार ढकललं.

सरांच्या हातात तेच पत्र होतं. शिष्यवृत्तीचा लखोटा न्यायला आलीस ना, त्यांनी विचारलं, आणि समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. हे मसुदे आपण कधी वाचत नाही, ते म्हणाले, सगळे एका माळेचे मणी असतात. पण आज सहज नजर गेली. तो लेथचा प्रसंग त्यांना चांगला आठवत होता. जॉब आठवत होता, चिठ्ठीही आठवत होती. आठवणारच, ते शेजारीच तर उभे होते.

थट्टा करतायत की काय, म्हणून तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पण सर अगदी मनापासून बोलत होते. त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली, ‘या विद्यार्थिनीला मी व्यक्तिशः ओळखतो.’

म्हणजे ओळखलं होतं तर! ओळखूनसुद्धा देत होते. आणि कोण जाणे, त्या दिवशी खरंच असतील ते शेजारी. आपणच मान खाली घालून काम करत होतो, वळून बघितलंच नसेल. असं किती वेळा झालं असेल या तीन वर्षांत? तिला एकदम भरून आलं.

सरांनी लखोटा चिकटवला, वर शिक्का मारला आणि तिच्याकडे नीट बघून तिच्या हातात दिला.

“वाटेत फोडू नकोस,” ते म्हणाले. “आणि तुझ्या मैत्रिणीला सांग, अशी मुलगी हजारात ओळखू येते.”

“सांगते, सर,” ती म्हणाली.