बंद मशीनचा आकडा

पळस्प्याच्या कारखान्यात मी मोठ्या मिलिंग मशीनवर लेझरचे आरसे बसवत होते. मापं बरोबर निघाली की मशीन विकलं जाणार होतं, म्हणून मालक धनेशशेठ घाईत होते. याच मशीनमध्ये सापडून कामगार काशीराम गेला होता. काम भरभर उरकावं म्हणून दार उघडलं की मशीन थांबवणारा सेफ्टी स्विच शेठनीच काढायला लावला आणि चौकशीत दोष काशीरामच्या माथी मारला. हे मला चहा देताना त्याच्या बायकोनं, तिथंच झाडलोट करणाऱ्या शकूनं सांगितलं होतं.

मशीन बंद होतं. आरसा किती सरकला ते लेझर स्क्रीनवर दाखवतो; आरसा जागच्या जागी होता, म्हणजे शून्य हवं. तरी आकडा हलला, मिठागरातल्या पाण्यावरून वारा जावा तसा.

"कुणी चालू नका," मी म्हणाले.

"मीच हललो. माझं वजन काय कमी हाय?" शेठ हसत एक पाऊल मागं सरले.

आकडा एक मीटर झाला.

ते आणखी सरले. दोन मीटर. आरसा तर माझ्यासमोर होता, केसभरही सरकला नव्हता.

"मागं कुठं जाताव, शेट?" माझ्या शेजारी झाडत असलेली शकू म्हणाली. "आमचे हे तुमच्या संगतीनंच येतायत."

शेठ बाहेर गाडीकडे धावले. आकडाही धावला. नऊ, सोळा, बावीस.

मी लेझर बंद करायला हात नेला. शकूनं माझं मनगट धरलं, निजलेलं बाळ उचलावं इतक्या हळुवारपणे.

"ऱ्हाऊ दे, ताई. पोचू दे त्यांना."

आकडा थांबला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजू लागला, आणि वाजतच राहिला.