ऑक्टोबरचं पत्र

"ऑक्टोबरच्या पत्रात तुम्ही माझ्या पोराला एक शब्द दिला होता, कोच. तोच आता माझ्यासमोर तोंडाने द्या."

अर्नेस्टीनबाई पेटवे एवढं बोलल्या आणि वेंडल टुलीच्या घशात मक्याचा पाव अडकला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुख्य प्रशिक्षक हॅगन तळलेल्या कोंबडीचा तिसरा तुकडा खात होते. दुपारपासूनचं हे त्यांचं तिसरं घर आणि तिसरं जेवण. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात पोरगा हवा असेल, तर आधी त्याच्या आईच्या हातचं पोटभर खायचं, वर आणखी मागून घ्यायचं, हा मिसिसिपीतला रिवाज त्यांनी कधी मोडला नव्हता. ऑक्टोबरचं पत्र मात्र त्यांनी वाचलंही नव्हतं. लिहिणं तर दूरच.

पत्रं त्यांचा सहायक लिहायचा, म्हणजे वेंडल. राज्यभरातल्या शाळकरी खेळाडूंना साहेबांच्या नावाने आठवड्याला चाळीस पत्रं, हाताने. खाली सहीसुद्धा साहेबांची, हुबेहूब. एकोणचाळीस पत्रांत तेच दळण: तू आम्हाला हवास, आपण मिळून करंडक परत आणू. दक्षिणेतल्या दहा विद्यापीठांचा तो करंडक सलग सहा वर्षं नदीपलीकडचा संघ घेऊन जात होता. सातव्यांदा गेला तर हॅगनसकट सगळ्यांना घरी बसावं लागणार होतं.

चाळिसावं पत्र ल्युशस पेटवेला जायचं. सतरा वर्षांचा, सव्वाशे किलोचा, सगळ्या राज्याला हवा असलेला पोरगा. आणि तो चक्क उत्तर द्यायचा! अंगणातल्या पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या, झाडाला कीड लागल्याचं कळवायचा. दमट हवेत केक मध्येच बसतो, अशी तक्रार करायचा. वडील गेल्यापासून घरात रेडिओ कुणी लावत नाही, हेही त्याने एकदा लिहिलं. एवढ्याशा वयात एवढी समज! वेंडल ती उत्तरं बॅगेत घेऊन गावोगाव हिंडायचा. आज आल्या आल्या त्याने पोराला झाडाच्या किडीचं विचारलं, तर तो नुसते खांदे उडवून हसला. लाजला असेल बिचारा.

ऑक्टोबरात त्या पोराने विचारलं होतं: गुडघा मोडला तर माझं काय? वेंडलचा स्वतःचा गुडघा एकोणिसाव्या वर्षी मोडला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याची शिष्यवृत्ती बंद झाली होती. त्याला राहवलं नाही. त्याने लिहून टाकलं, "एकही सामना न खेळता तू लंगडा झालास, तरी पदवी हातात पडेपर्यंत तुला इथून कुणी हलवणार नाही." असा शब्द हॅगन जन्मात देणार नव्हते. गेल्याच महिन्यात त्यांनी दोन जायबंदी पोरांची बोचकी बांधली होती.

"शब्द ना?" हॅगननी ओठ पुसले. "अहो, करंडकाचा! दुसरा कसला?"

"नाही." अर्नेस्टीनबाईंनी पत्रांनी भरलेलं बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं. "काल याच खुर्चीत नदीपलीकडचे कोच बसले होते. त्यांनी दोनदा केक मागून घेतला, शब्द एकही दिला नाही. बुधवारी माझा पोरगा कुणाच्या कागदावर सही करतो, ते तुमच्या उत्तरावर आहे."

हॅगननी वेंडलकडे पाहिलं. सावर, असं ते डोळे सांगत होते.

नुसतं 'गुडघा' म्हटलं तरी साहेब धागा पकडतील, हे वेंडलला ठाऊक होतं. मग ते गोड गोड बोलतील, पोरगाही मिळेल. आणि दोन वर्षांनी लंगडत याच दारात परत येईल. वेंडलला त्या पोराच्या पत्रांचा फार लळा लागला होता.

"अर्नेस्टीनबाई," तो म्हणाला, "ते पत्र मी लिहिलं. सगळीच मी लिहिली. कोचना त्यातलं काहीच माहीत नाही."

"गाडीत जाऊन बस," हॅगन दातओठ खात म्हणाले. "आणि उद्यापासून यायचं नाही."

"बसू द्या त्याला. जेवतोय तो." अर्नेस्टीनबाईंनी ऑक्टोबरचं पत्र शोधून काढलं आणि कोरा कागद हॅगनपुढे सरकवला. "यातला शब्द आता तुमच्या अक्षरात उतरवा. आणि माझा ल्युशस तिथे असेपर्यंत या माणसाला काढायचं नाही, तेही लिहा. नसेल जमत तर केक खा आणि निघा."

हॅगननी पत्र वाचलं. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले. त्यांनी आईशेजारी बसलेल्या ल्युशसच्या खांद्यांकडे पाहिलं, दाराएवढे रुंद खांदे. मग पेन उचललं. एका पानाला त्यांना दहा मिनिटं लागली.

बाईंनी कागद दोनदा वाचला आणि खोक्यात ठेवला.

"झालं?" हॅगननी दुसरा कोरा कागद पोरापुढे आपटला. "मी लिहून दिलंय. आता तूही दे लिहून, येतो म्हणून. तुझ्या हाताने. लिहायची हौस आहे म्हणे तुला."

ल्युशसने कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, आणि दोन्ही हळूच आईकडे सरकवलं.

"ममा, तूच लिही ना. नेहमी लिहितेस तसं."