नववं बेट

भूगोलाच्या पेपरात कौरेचं बाकी सगळं बरोबर होतं. जगातली सर्वांत लांब नदी, सर्वांत उंच शिखर, आयफेल टॉवरचं शहर. अडली ती घरच्याच प्रश्नावर: ‘आपल्या समूहात बेटं किती?’ प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशातल्या त्या गावात पोरं शाळेत यायच्या आधीच हे बोटांवर मोजायला शिकत. वर्गातल्या सव्वीस जणांनी नऊ लिहिलं होतं, कौरेनं आठ.

बितेती सरांनी लाल फुली मारली आणि तिला पुढं बोलावलं.

“नाईलची लांबी पाठ, आणि दारातली बेटं मोजता येईनात? अगं, नवव्या बेटाच्या मातीत माझी आई निजली आहे. तिलाच वगळलंस होय गं?”

वर्ग खिदळला. कौरेनं मान खाली घातली.

“सर, उधाण ओसरल्यावर काल बाबा तिकडं नारळ आणायला गेले होते. होडी लावायला जागाच सापडली नाही. सगळं पाणीच.”

“काहीतरी बरळू नकोस. वाट चुकला असेल तुझा बाप.”

“नाही, सर. ते सकाळपासून बाहेर उभे आहेत. आत यायचा धीर होत नाहीये त्यांना.”

सरांनी दाराकडं पाहिलं. कौरेचा बाप उन्हात उभा होता. त्याच्या खांद्यावर पाण्यानं फुगलेला एक लाकडी क्रूस होता, आणि त्यावरचं नाव सरांनीच कधीकाळी कोरलेलं होतं.



सर खुर्चीत बसले, कौरेला पूर्ण गुण दिले, आणि उरलेले सव्वीस पेपर पुढं ओढून एकेका ‘नऊ’वर फुली मारत गेले.