पद्मजाताईंची फर्माईश

“अकराला बरोबर सुरू करा हं. पाहुणे तेव्हाच येतायत.” पद्मजाताईंनी थालीपिठांचा डबा प्रितेशच्या हातात ठेवला. “आणि तेच वाजवा, कर्नाळा. मधे तो एक आवाज आहे ना, अंगावर येणारा? तो जरा लांबवा.”

प्रितेशला अगदी भरून आलं. ई मायनरवरून तो सरळ बी फ्लॅटवर उडी मारायचा आणि वरची तार मोकळीच सोडायचा. मग दोन सूर एकमेकांना घासत राहायचे. ही कॉर्ड पहिल्यांदा ऐकून त्याचा बाप हरेश म्हणाला होता, “गिटार बिगडली हाय का रे?” सुकापूरच्या त्या अख्ख्या इमारतीत ती कॉर्ड लक्षात ठेवून फर्माईश करणारं माणूस दीड वर्षात एकच निघालं. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू पद्मजाताई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान गेल्यापासून एकट्या.

त्यांच्या बरोबर डोक्यावरचा फ्लॅट हरेशचा. जमिनीच्या बदल्यात बिल्डरकडून मिळालेला आणि रिकामा पडलेला. तिथे प्रितेश, ड्रमवर जीवन आणि कीबोर्डवर रोशनी असे तिघं मिळून प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचे. ‘कर्नाळा’ एकोणीस मिनिटांचं. पहिला भाग सात मात्रांचा, दुसरा अकरा, तिसऱ्यात ड्रम सातात तर गिटार पाचात, आणि शब्द औषधालाही नाही. नाचायला उठलेला माणूस तिसऱ्या पावलाला अडखळणार म्हणजे अडखळणार. सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकर दोनदा तणतणत वर आले. दोन्ही वेळा पद्मजाताई मधे पडल्या. “त्यांच्या खाली मी राहते. मला त्रास नाही, मग तुम्हाला कसला?”

अगदी सुरुवातीला त्यांनी प्रितेशला जिन्यात गाठलं होतं. “माझी परिस्थिती तुझ्या कानावर आलीच असेल,” त्या म्हणाल्या. प्रितेशच्या डोक्यात तेव्हा तिसऱ्या भागाची मोजणी चालू होती. यजमानांचं बोलत असतील, असं समजून त्याने मान डोलावली. “मग तुम्ही असंच वाजवत राहा, बाळा. तुमचं सुरू झालं की मला धीर येतो. उपकार आहेत तुमचे.”

उपकार. प्रितेशने घरी येऊन हा शब्द दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिला.

ताईंचा गोतावळाही मोठा. दर दोन-तीन रविवारी कुणी तरी यायचं. कधी नवराबायको, कधी सासूसासऱ्यांसकट, एकदा तर भिंतीवर बोटं वाजवून बघणारे एक काका. पण यातलं कुणी दुसऱ्या भागापुढे टिकत नसे. अकरा मात्रा सगळ्यांना झेपत नाहीत, अशी प्रितेश स्वतःची समजूत घालायचा. ताई मात्र शेवटपर्यंत खाली असायच्या, आणि नंतर काही तरी गरमगरम घेऊन वर यायच्या.

आजचा रविवार वेगळा होता. उरणच्या दिनानाथला त्याच्या हळदीच्या ऑर्केस्ट्रासाठी गिटारवाला हवा होता. प्रितेशच्या बहिणीच्या हळदीला, याच इमारतीच्या गच्चीवर, प्रितेशने तासभर गाणी वाजवली होती. गल्ली नाचली होती, पद्मजाताईंनीही ठेका धरला होता, आणि दिनानाथने तिथेच त्याला हेरलं होतं. “सगला सीजन मज्याकरं. पन तुजा तो बँड बंद. रविवारी दुपारपरत सांग, नायतर मी दुसरा बगतंय.”

हरेशला तर हो म्हणायची घाई झाली होती. “तुजा ह्या सात-पाच कोन आयकतंय? येक मानूस दाखव मला.”

“पद्मजाताई,” प्रितेश म्हणाला.

तरी प्रितेशला रात्रभर वाटत राहिलं, एका माणसासाठी एवढं सोडायचं?

अकराच्या ठोक्याला त्यांनी सुरू केलं. जीवनने ड्रमचा जीव काढला. ती कॉर्ड आली तेव्हा प्रितेशने ती धरून ठेवली, बोटांना कळ लागेपर्यंत. संपल्यावर तो खिडकीशी गेला. पाहुणे केव्हाच गाडीत बसून निघाले होते, आणि पद्मजाताई फाटकापाशी उभ्या राहून, वर त्यांच्या खिडकीकडे बघत, पदराने डोळे पुसत होत्या.

त्याने तिथूनच दिनानाथला फोन लावला. “काका, नाय जमनार.”

“इचार केलास ना?”

“केला.”

रोशनीने टाळी दिली. जीवन नुसता हसत बसला. त्याला बँड बंद पडायची धास्ती सगळ्यांत जास्त होती. मग ताईंना पहिल्यांदा सांगायचं म्हणून तिघंही खाली निघाले. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून रोशनीने त्यात साखर घातली.

ताईंनी दार उघडलं. प्रितेश तोंड उघडणार, तोच त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

“आधी माझं ऐक. आजचं गिऱ्हाईकही पळालं. घरमालकांनी आत्ताच फोन केला, हात टेकले म्हणे. घर आता मलाच विकतायत, मला परवडेल तेवढ्यात. म्हातारपणी कुठे जाणार होते रे मी?” त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. “इतकी गोड गिटार वाजवतोस तू, हळदीला ऐकलीय ना मी. आणि माझ्यासाठी दीड वर्षं मुद्दाम इतकं भयंकर वाजवलंत पोरांनो. आता पुरे, आता तुमचं खरं काय ते वाजवा.”